जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर स्थलांतर करणेबाबत

सदर सूचना, ज्यांचा लॅपटॉप चालू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो अशा सर्वांना लागू राहतील. आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांच्या जावयांना त्या विशेषत्वाने लागू राहतील.

नियम १. खरेदीपूर्वी लॅपटॉप उघडून आत जागा कसली आहे ते पाहावे. अडीच इंची साटा डिस्क असेल तर तिच्या जागी साटा एसएसडी जशीच्या तशी बसते. एम.टू पट्टी घ्यायची असेल तर ती साटा की एनव्हीएमई, हे बोर्डाच्या माहितीपत्रकात तपासावे. दोन्ही एकाच मापाच्या असतात आणि दुकानदार दोन्हींना ‘चालेल’ म्हणतो.

नियम २. नवी एसएसडी जुन्या डिस्कएवढीच मोठी हवी असे नाही, भरलेला मजकूर मावून थोडी जागा उरली की पुरे. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ दिसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. उरलेल्या ३५ जीबीची चौकशी लावू नये. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, पावती जपून ठेवली आहे, एवढेच नमूद करतो.

नियम ३. शहाणे लोक सांगतात की कोऱ्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाकावे. शहाण्या लोकांना सासरे नसतात. नानांचा सगळा पत्रव्यवहार युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत सगळ्याचे इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होते. शिवाय डेस्कटॉपवर ‘महत्त्वाचे’, त्यात ‘महत्त्वाचे जुने’ आणि त्यात ‘महत्त्वाचे जुने नवीन’. यातले काय काढू, असे विचारले तर उत्तर एकच: “जावईबापू, काही काढू नका.” तेव्हा क्लोनच करावा.

उपनियम: क्लोन करताना दुसऱ्याच्या फाइली उघडून पाहू नयेत. ‘स्थळ चौकशी’ नावाची फाइल तर मुळीच उघडू नये. तीत उमेदवाराबद्दल ‘पगार बरा. चष्मा आहे. बोलतो फार. अनुकूल.’ असा शेरा असू शकतो.

नियम ४. बिटलॉकर चालू असल्यास आधी तो थांबवावा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. ४८ आकडे सुवाच्य अक्षरात लिहून, उलट वाचून पडताळणारा माणूस घरात असणे ही मोठी सोय आहे. हे मी नानांसमोर म्हणणार नाही.

नियम ५. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर क्लोन राहू द्या, आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेर काढा.

नियम ६. अडीच इंची एसएसडी साटा-यूएसबी केबलने जोडावी, चार्जर लावून ठेवावा आणि लाइट जाण्याचा वार टाळावा. क्लोन करणारे क्लोनझिला फुकट मिळते, पण नवी डिस्क लहान असेल तर आधी जुन्या डिस्कवरचे विभाग आकसून घ्यावे लागतात. मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य कोणते, हे पुन्हा एकदा वाचावे. उलटे झाल्यास कोऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत मिळते. नुसता सी ड्राइव्ह उचलून चालत नाही. सुमारे १०० एमबीचा ईएफआय विभाग मागे राहिला तर मशीन सुरूच होणार नाही. रिकव्हरीचा विभाग सी ड्राइव्हला अगदी खेटून बसतो आणि पलीकडची मोकळी जागा अडवतो. सी ड्राइव्ह वाढवायचा असेल तर त्याला आधी टोकाला सरकवावे. उरलेला वेळ म्हणून पडद्यावर जे दिसते त्यावर विसंबू नये. शेजारी खुर्ची टाकून “किती टक्के?” विचारणाऱ्यास बाजारात पाठवावे. तो जात नाही.

नियम ७. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोजचा गोंधळ उडतो. लायसन्सची काळजी नको, ते बहुधा मदरबोर्डशी बांधलेले असते.

नियम ८. एसएसडी डीफ्रॅग करू नये.

नियम ९. लॅपटॉप आता झटकन सुरू होईल. मिनिटाला ५४०० फेरे मारत मजकूर शोधणारी तबकडीच उरलेली नाही, हे लाभार्थ्यास समजावून सांगावे. सांगून उपयोग नाही. ज्यांची उभी नोकरी फाइल टेबलावरून टेबलावर सरकण्याची वाट पाहण्यात गेली, त्यांना एवढ्या लवकर झालेल्या कामाचा संशय येतोच. “काहीतरी राहिलं असणार,” असे म्हणून नाना एकेक फोल्डर उघडत बसले. ‘महत्त्वाचे जुने नवीन’पाशी पोचल्यावर हूं म्हणाले. त्यांच्याकडून एवढी दाद पुष्कळ झाली.

नियम १०. जुनी डिस्क लगेच पुसू नये, काही आठवडे तशीच ठेवावी. नंतर फॉरमॅट करून तिच्यावर बॅकअप घेता येतो, असा माझा प्रस्ताव होता. नानांनी तो अमान्य केला. सरकारी दप्तरात अ वर्गाचे अभिलेख कायम जतन करायचे असतात आणि ही डिस्क अ वर्गात मोडते, असा त्यांचा निर्णय आहे. डिस्क लाल रुमालात बांधून कपाटात गेली. गाठीला चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर तारीख आहे, आणि ‘हस्ते’ म्हणून माझी सही घेतली आहे.