बूटलोडर, रॉम आणि नवशिका: नगर जिल्ह्यापुरती तोंडओळख

फोन रूट करणं म्हणजे विकत घेतलेल्या फोनवर मालकाने स्वतःची मालकी बसवणं. पूर्ण पैसे मोजून, जीएसटीचं बिल खिशात घालूनही ही मालकी मिळालेली नसते. ग्राहकाला ते घरी आल्यावर कळतं: कंपनीने आधीच भरून दिलेलं एखादं अ‍ॅप तो काढायला जातो आणि ‘काढून टाका’च्या जागी नुसतं ‘बंद करा’ असं बटण दिसतं. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे आणि लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला क्रमांक असतो. शून्य क्रमांकाचा तो रूट; त्याला कोणतीही फाइल वाचता, बदलता, पुसता येते. अ‍ॅपना १०,०००च्या पुढचे क्रमांक मिळतात आणि फोनचे हप्ते फेडणारा माणूस त्या अ‍ॅपच्या आडून जमेल तेवढंच करू शकतो. रूट केलं की तो शून्यावर येतो. एरवी शून्यावर येणं ही नाचक्की असते, इथे ती बढती समजली जाते.

कस्टम रॉम ही वेगळी बाब आहे. कंपनीने घातलेली अख्खी प्रणाली उतरवून तिच्या जागी कोणा हौशी मंडळींनी बांधलेली दुसरी चढवणं, याला रॉम बदलणं म्हणतात. रॉम न बदलता रूट करता येतं, रूट न करता रॉम बदलता येतो. नवशिका दोन्ही एकदम करतो, तेही रात्री अकरानंतर आणि शक्यतो वडिलांच्या फोनवर.

या उद्योगामागे एकेकाळी एक अगदी सात्त्विक कारण होतं, ते म्हणजे मराठी. २०११च्या आसपास अँड्रॉइड २.३ असलेल्या अनेक फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. वाचायचं असेल तर ऑपेरा मिनीच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून अक्षरं चित्ररूपाने मागवण्याची युक्ती करावी लागे. वाचकाला ते चित्र मिळे आणि तो समाधान मानी. समाधान न मानणारे फोन रूट करून प्रणालीच्या फाँटच्या फोल्डरमध्ये देवनागरी असलेली फाइल बसवत. मग अक्षरं येत, पण त्यांची जुळणी करणारी यंत्रणा फोनमध्ये नसल्याने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरं पाय मोडून पडत. शिर्डी, पाथर्डी, श्रीगोंदा, श्रीरामपूर या तालुक्या-गावांची अशा फोनवर दशा होई. ‘अहमदनगर’ हे नाव मात्र काना, मात्रा, वेलांटी किंवा जोडाक्षर यांतलं काहीच न लागणारं असल्याने निर्दोष उमटे. जिल्ह्याचं ‘अहिल्यानगर’ असं नामांतर दहा-बारा वर्षं आधी झालं असतं तर ही सोयही गेली असती. पुढे २०१४च्या अँड्रॉइड ५.०मध्ये मराठी ही फोनच्या भाषांच्या यादीतच आली आणि रूट करण्याचं हे सात्त्विक कारण संपलं. उरली ती बाकीची: जाहिराती, नको असलेली अ‍ॅप, आणि दोन वर्षांत कंपनीने टाकून दिलेला, पण काचही न तडकलेला फोन.

कस्टम रॉमचा इतिहास थोडक्यात सांगता येत नाही, कारण त्यात कोर्टकचेरीही आहे. २००९मध्ये स्टीव्ह काँडिक याने सुरू केलेला सायनोजेनमॉड हा या सगळ्यांचा मूळपुरुष. त्याची पुढे कंपनी झाली आणि तिने भारतापुरता एकट्या मायक्रोमॅक्सशी करार केला. त्याच सुमाराला वनप्लसही सायनोजेन घातलेला फोन भारतात विकू लागली. डिसेंबर २०१४मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि वनप्लसच्या अशा फोनच्या विक्रीला काही काळ मनाई झाली. मायक्रोमॅक्सने सायनोजेन घातलेला ‘यू युरेका’ हा फोन ८,९९९ रुपयांना आणला. वनप्लसला स्वतःची ऑक्सिजन ओएस लिहावी लागली. फुकट वाटायच्या वस्तूवरून भावकी कोर्टात गेल्याचं हे उदाहरण बांधावरून खटले चालवणाऱ्या जिल्ह्यात सहज समजावं. २०१६च्या अखेरीस सायनोजेन कंपनीने गाशा गुंडाळला आणि त्याच आठवड्यात तोच प्रकल्प स्वयंसेवकांनी ‘लिनेज ओएस’ या नावाने पुढे चालू केला. जुने लोक त्याला बराच काळ सायनोजेनच म्हणत राहिले. अधिकृत नाव बदललं तरी तोंडातलं नाव आपल्या सवडीने बदलतं, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको.

दुसरी गंमत शाओमीची. या कंपनीचा जन्मच रॉममधून झाला: २०१०मध्ये तिने एमआययूआय हा इतरांच्या फोनवर चढवायचा रॉम काढला आणि स्वतःचा फोन त्यानंतर वर्षभराने, २०११मध्ये. जी दुसऱ्यांच्या फोनची कुलपं उघडून मोठी झाली, तीच कंपनी आता स्वतःच्या फोनचं कुलूप उघडायला आलेल्या ग्राहकाला खातं जोडून थांबायला लावते. ही मुदत अनेक मॉडेलांवर १६८ तास आहे. सात दिवस म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तासांत सांगितल्याने शिक्षेला वजन येतं.

हे कुलूप म्हणजेच बूटलोडर. फोन चालू होताना सर्वांत आधी जागा होणारा आणि पुढची प्रणाली कंपनीच्याच सहीची आहे का हे तपासणारा हा छोटा प्रोग्राम. तो उघडा केला की फोन कोणालाही आत घेतो. नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर हे याचं जिल्ह्यातलं सर्वांत जवळचं उदाहरण. तिथल्या घरांना चौकटी आहेत, पण कडी-कुलूप लावायची रीत नाही. गावाचा भरवसा शनिदेवावर. २०११मध्ये तिथे युको बँकेने शाखा उघडली, ती ‘बिनकुलपाची’ म्हणून गाजली. दार काचेचं ठेवलं, आणि नजरेत न भरेल असं विद्युतचुंबकीय कुलूप त्याला बसवलं. श्रद्धेचा मान राखला आणि तिजोरीचाही. बूटलोडर उघडलेल्या फोनमध्ये नेमका हाच पेच उभा राहतो: मालकाला उघडं दार हवं असतं आणि त्याच फोनमधल्या बँकेच्या अ‍ॅपला ते अजिबात चालत नाही. पुढचा सगळा त्रास या एका मतभेदातून निघतो.

प्रत्यक्ष कृतीला सुरुवात ‘फोनविषयी’ या पानावर होते. तिथल्या बिल्ड नंबरवर, शाओमीच्या जुन्या फोनवर एमआययूआयच्या आवृत्तीवर, सात वेळा टिचकी मारली की ‘तुम्ही आता डेव्हलपर आहात’ असा संदेश येतो. लोणी, संगमनेर, कोपरगाव किंवा विळद घाटातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत याच पदाला पोहोचायला चार वर्षं लागतात आणि तरीही खात्री नसते. त्यानंतर डेव्हलपरांच्या पर्यायांत ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग चालू करायचं, फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे संगणकाचे आदेश घेणाऱ्या अवस्थेत, नेऊन केबलने संगणकाला जोडायचा आणि अनलॉकचा आदेश द्यायचा. आदेश मानला की फोनमधलं सगळं पुसलं जातं. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे: चोराने कुलूप उघडलं तरी आतलं त्याच्या हाती लागू नये. ही बाब वाचूनही नवशिका फोटोंची प्रत काढत नाही, आणि घरातल्या एखाद्या साखरपुड्याचा एकमेव पुरावा नाहीसा होतो.

केबल चांगली असावी, हे प्रत्येक माहितगार सांगतो आणि कोणीही ऐकत नाही. त्याहून मोठा प्रश्न विजेचा. वस्तीवरच्या घराला वीज शेतीच्या फीडरची असेल तर ती वेळापत्रकाने येते आणि वेळापत्रक मोडून जाते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवरून फोनला सॉफ्टवेअर मारत असताना वीज गेली तर काय होईल, हे त्या क्षणी काय लिहिलं जात होतं यावर ठरतं. प्रणाली अर्धी लिहिली गेली असेल तर फार बिघडत नाही. फास्टबूट शाबूत असतं, पुन्हा पहिल्यापासून लिहिता येतं. खुद्द बूटलोडरच अर्धा लिहिला गेला तर फोनला आपण फोन आहोत हेच कळेनासं होतं. म्हणून वस्तीवर लॅपटॉप वापरावा, आणि त्याचीही बॅटरी तासभर टिकणारी असावी. शेजारच्याच्या लॅपटॉपला ती अट लागू पडत नसते, हे आधी तपासावं.

आता रॉमची निवड. इथे नवशिका आधी रंग पाहतो, मग घड्याळ कुठे दिसतं ते पाहतो. पाहायचं असतं ते फोनचं टोपणनाव. प्रत्येक मॉडेलला कारखान्यातलं एक नाव असतं: जानेवारी २०१७मध्ये भारतात आलेला रेडमी नोट ४ म्हणजे ‘मिडो’, रेडमी नोट ५ प्रो म्हणजे ‘व्हायरेड’, पोको एफ १ म्हणजे ‘बेरिलियम’. रॉम त्या टोपणनावाचाच लागतो. दोन फोन दिसायला सारखे आणि नावात फक्त ‘प्रो’चा फरक असला तरी एकाचा रॉम दुसऱ्याला चालेल असं गृहीत धरता येत नाही. ‘मिडो’ हा या क्षेत्रातला दीर्घायुषी. कंपनीने त्याला अँड्रॉइड ७वर सोडून दिलं, स्वयंसेवकांनी पुढच्या कितीतरी आवृत्त्या त्याच्यावर चढवल्या. नवशिक्याने असाच लोकप्रिय, जुना आणि स्वतःचा फोन घ्यावा. तिन्ही विशेषणं महत्त्वाची आहेत, तिसरं सर्वांत जास्त.

लिनेज साधा आणि संयमी, क्रड्रॉइडमध्ये सेटिंग इतकी की ती पाहतानाच बॅटरी संपावी, इव्होल्यूशन एक्स गूगलच्या पिक्सेलसारखा दिसणारा. ग्राफीन ओएस सुरक्षिततेत सर्वांत पुढे, पण तो चालतो पिक्सेलवरच, आणि ज्याच्याकडे पिक्सेल आहे त्याला सहसा हा लेख वाचायची गरज पडत नाही. रॉम बांधणाऱ्याचं निवेदन नीट वाचावं. ‘अधिकृत’ लिहिलं असेल तर कोणीतरी जबाबदार आहे. ‘अनधिकृत’ असेल तर ज्याने बांधला त्याची परीक्षा संपली की काम थांबेल. ‘ज्ञात दोष’ या मथळ्याखाली काही ठिकाणी ‘तुम्हीच सांगा’ एवढंच असतं. त्याच्या वर जबाबदारी झटकणारा प्रसिद्ध परिच्छेद असतो: मेमरी कार्ड मेलं, अणुयुद्ध पेटलं किंवा गजर न वाजल्याने नोकरी गेली तर बांधणारा जबाबदार नाही. अणुयुद्धाची शक्यता नगरपुरती कमी आहे. गजराचं मात्र गांभीर्याने घ्यावं.

दोषांच्या यादीत तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय. २०१६पासून जिओच्या जाळ्यात टूजी-थ्रीजी नसल्याने ज्या रॉममध्ये व्हीओएलटीई चालत नाही, त्यावर जिओचं साधं बोलणंही होत नाही. फोन उत्तम चालतो, फक्त फोन लागत नाही. दुसरी कॅमेरा आणि जीपीएस. कॅमेऱ्याचा प्रोग्राम कंपनीने गुलदस्त्यात ठेवलेला असल्याने रॉमवाल्यांना तो जुगाड करून बसवावा लागतो. सेल्फी थोडी धुरकट आली तर सहन होते, पण राज्यात २०२१पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायची आहे. पारनेरच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला जीपीएसने शेजारच्या गटात दाखवलं तर सोयाबीन सातबारावर चढणार कसं? तिसरी गोष्ट बॅटरी, आणि तिच्याबद्दल कोणी काहीही लिहिलं तरी विश्वास ठेवू नये.

रूट करण्यासाठी आज मॅजिस्क वापरतात. जॉन वू याने तो २०१६मध्ये काढला. मूळ प्रणालीला हात न लावता बूटच्या फाइलमध्येच दुरुस्ती करायची, ही त्याची रीत. फोनच्याच बूट फाइलची प्रत मॅजिस्कने दुरुस्त करून घ्यायची आणि फास्टबूटने परत लिहायची. ती फाइल सध्या फोनवर असलेल्या नेमक्या आवृत्तीची असावी, नाहीतर फोन लोगोवर येऊन थांबतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा थांबतो. याला बूटलूप म्हणतात. त्यातून बाहेर पडायला मूळ बूट फाइल परत लिहिली की भागतं. नवशिका मात्र इथे घाबरून ‘सगळं पुसा’वर बोट ठेवतो आणि छोट्या अडचणीची मोठी करतो.

यानंतर बँकेचं अ‍ॅप उघडावं. गूगलची प्ले इंटेग्रिटी नावाची तपासणी फोनचं दार उघडं आहे का ते पाहते आणि अ‍ॅपला कळवते. अ‍ॅप मग नम्रपणे चालायला नकार देतं. मॅजिस्कला रूट लपवण्याची सोय जोडता येते, तपासणारे ती ओळखायला शिकतात, लपवणारे नवी सोय काढतात. या पाठशिवणीत पडून आज चाललेलं यूपीआय उद्या किराणा दुकानाच्या गल्ल्यासमोर बंद पडतं आणि नवशिका स्वतःच्या फोनचा पूर्ण मालक असूनही उधारी लिहून घ्या म्हणतो. ज्याचा सगळा व्यवहार एकाच फोनवर आहे, त्याने रूट करू नये, हा सल्ला सगळे तज्ज्ञ देतात. त्यांच्याकडे दोन फोन असतात.

धोक्यांपैकी दोन खरे गंभीर. २०१८मध्ये रेडमी नोट ५ प्रोवर शाओमीने मागे जाण्याला बंदी घातली. त्यानंतर ज्यांनी जुनी आवृत्ती चढवायचा प्रयत्न केला, त्यांचे फोन अंधारले. मागची आवृत्ती बरी होती असं वाटलं तरी ही बंदी आपल्या मॉडेलवर आहे का ते आधी पाहावं. दुसरं म्हणजे आयएमईआय. चुकीचा भाग पुसला गेला की हा पंधरा आकडी क्रमांक नाहीसा होतो आणि सिम असूनही नेटवर्क येत नाही. तेव्हा स्टँडसमोरचा एखादा सॉफ्टवेअर मारणारा दुसराच क्रमांक घालून द्यायची तयारी दाखवेल. त्याला नको म्हणावं: कायद्यानुसार आयएमईआयमध्ये फेरफार हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्यापेक्षा सुरुवातीलाच त्या भागाची प्रत काढून संगणकावर ठेवावी.

सॅमसंगचे फोन रूट करणाऱ्यांना नॉक्स ही त्या फोनमधली सुरक्षा-व्यवस्था माहीत असावी. एकदा अनधिकृत प्रणाली चढवली की आतली एक इलेक्ट्रॉनिक खूण बदलते आणि ती परत फिरत नाही. सॅमसंग पे आणि सुरक्षित फोल्डर गेले ते गेले. सेवा केंद्रातला माणूस त्या खुणेकडे पाहून वॉरंटीबद्दल जे बोलतो ते ऐकून घ्यावं लागतं.

परतीचा रस्ताही आहे. कंपनीचा मूळ फर्मवेअर, त्याच मॉडेलचा आणि त्याच प्रदेशाचा, पूर्ण चढवायचा. तो नीट चालू होतो, फोन लागतो, कॅमेरा उघडतो हे पाहायचं आणि मगच बूटलोडरला पुन्हा कुलूप घालायचं. कस्टम रॉम आत असतानाच कुलूप घातलं तर शाओमीचे फोन पडद्यावर ‘प्रणाली नष्ट झाली आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दाखवतात आणि त्यापुढे काही करत नाहीत. पिक्सेलवर ग्राफीनसारख्या रॉमची स्वतःची सही नोंदवून कुलूप घालता येतं, पण तो अपवाद. जुना फोन विकायला काढलेला असेल तर कुलूप घातल्याशिवाय नेऊ नये: उघड्या बूटलोडरचा फोन चालू होताना दर वेळी इशारा दाखवतो आणि घेणारा तिथेच पाचशे रुपये कमी करतो.