मनातले श्ट्रूडल

युरोप टूरचा पहिला हप्ता भरला त्या दिवसापासून डोंबिवलीच्या एका घरात सफरचंदाचे नाव काढायची चोरी झाली. नाव काढले की काका थेट व्हिएन्नात. तिथे 'आप्फेलश्ट्रूडल', म्हणजे सफरचंदाची गोड गुंडाळी, मिळते. 'स्ट्रुडेल' म्हणणाऱ्याला काका जागच्या जागी दुरुस्त करत. गॅस सिलिंडर घेऊन आलेला मुलगाही सुटला नाही. जर्मनमध्ये श्ट्रूडल म्हणजे पाण्यातला भोवरा. गुंडाळी कापली की आत तसेच वेटोळे दिसते.

न मिळालेल्या पक्वान्नावर ताव मारणे म्हणजे मनात मांडे खाणे. इथे तर खरोखर मांड्यांशीच गाठ आहे. खान्देशातल्या बायका पुरणाचा मांडा हातांवर झुलवत मोठा करतात आणि उपड्या खापरावर टाकतात. व्हिएन्नातला आचारी मैदा, पाणी, तेल, मीठ मळून गोळा मुरू देतो आणि टेबलावर अंथरलेल्या कापडावर हाताच्या पाठीने ताणत नेतो. पारी इतकी पातळ हवी की खालचे वर्तमानपत्र वाचता यावे, असा तिथला दंडक. (आपल्याकडेही लागू करावा, निदान आचारी तरी अग्रलेख वाचतील.) वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा, आंबट सफरचंदाच्या फोडी, बेदाणे, दालचिनी. चुरा अशासाठी की फोडींना सुटलेले पाणी त्याने प्यावे, पारी भिजू नये. मग कापडाची कड उचलायची. गुंडाळी आपसूक वळत जाते.

ही पापुद्र्यांची विद्या तुर्कांच्या बकलाव्याच्या गोतातली मानतात. श्ट्रूडलची सतराव्या शतकाच्या अखेरची हस्तलिखित कृती व्हिएन्नाच्या ग्रंथालयात आहे. तिचा फोटो काकांच्या मोबाइलमध्ये, पासपोर्टच्या फोटोशेजारी.

व्हिएन्नाच्या कॉफीहाउसात एक कप मागवून तासन्‌तास पेपर वाचत बसता येते, कोणी उठवत नाही. २०११ साली ऑस्ट्रियाने या संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. टूरच्या कार्यक्रमपत्रिकेतली नोंद अशी: 'कॉफीहाउस, २५ मिनिटे (वॉशरूमसह).'

त्यातली चौदा वॉशरूमच्या रांगेत गेली. मग काळ्या कोटातल्या वेटरने बशी आणून ठेवली. वरून पिठीसाखर भुरभुरलेली, बाजूला व्हॅनिला सॉस, वाफेला दालचिनीचा वास. काकांनी काटा उचलला.

"अहो, थांबा. अंडं आहे का विचारा."

पारीत नाही, सॉसमध्ये बलक आहे, असे कळले. सॉस परत गेला.

"आणि बेदाणे?"

रममध्ये भिजवलेले.

"चातुर्मास चालू आहे," काकूंनी एवढेच म्हटले.

काका काट्याच्या टोकाने एकेक बेदाणा काढून बशीच्या काठाला लावू लागले. सतरावा बेदाणा निघत असताना टूर मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. "चला मंडळी, बस लागलीय! आज इंडियन डिनर, स्वीटमध्ये गुलाबजाम!"

काकूंनी श्ट्रूडल कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले. रात्री हॉटेलात पुडी उघडली तेव्हा पारी मऊ पडली होती आणि दालचिनीवर शेजारच्या मेतकुटाने केव्हाच मात केली होती. काकांनी पलंगाच्या कडेला बसून ते निमूटपणे संपवले आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले: 'आप्फेलश्ट्रूडल खाल्ले. अप्रतिम! फक्त सफरचंद जरा आंबट निघाले.'