पलंग दाबला का?

बापूंना तुम्ही ओळखता. सोसायटीच्या सभेला तीन वर्षांपूर्वीचं इतिवृत्त खिशात घालून येणारे, लग्नात मुहूर्त किती मिनिटांनी चुकला ते जेवताना सांगणारे, कंडक्टरला सुट्ट्या पैशांचा नियम ऐकवणारे, ते हेच. आमचे बापू फक्त इंग्लंडात असतात, डॅव्हेंट्रीजवळच्या एका गोदामातून ४४ टनी लॉरी हाकतात, आणि त्यांचा सगळा नियमधर्म एका बटणात साठला आहे.

२०२१ साली इथे लॉरी ड्रायव्हरांचा दुष्काळ पडला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि नेमकी तेव्हाच माझी हिशेबनिसाची नोकरी गेली. पंचेचाळिशीत लॉरीचा परवाना काढला आणि बापूंच्या तावडीत सापडलो. पहिल्या दिवशी ना नमस्कार, ना गाव कुठलं. केबिनच्या काचेवर टकटक.

"काय मर्दा, पलंग दाबला का?"

लांब पल्ल्याच्या लॉरीत सीटच्या मागे झोपायला खरोखरच पलंग असतो. मी तो हातानं दाबून बघितला. "जरा कडक आहे," म्हणालो.

बापूंनी हे वाक्य पुढची दोन वर्षं डेपोभर सांगितलं.

त्यांचा पलंग टॅकोवरचा. टॅको म्हणजे टॅकोग्राफ. डॅशबोर्डमध्ये रेडिओसारखा बसवलेला डबा, त्यात ड्रायव्हरनं आपलं कार्ड सरकवायचं, की दिवसाचं मिनिट न् मिनिट नोंदलं जातं. चार चिन्हं असतात. चाक म्हणजे गाडी चालवणं, एकमेकांवर आडवे दोन हातोडे म्हणजे इतर काम, तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे कुणाच्या तरी दारात ताटकळणं, आणि पलंग म्हणजे विश्रांती. गाडी हलली की चाक आपोआप येतं. थांबली की हातोडे आपोआप येतात. पलंगाचं मात्र बटण दाबावं लागतं.

"कष्ट आपोआप लिहिलं जातंय मर्दा," बापू म्हणत, "इश्रांती मागून घ्यावी लागती."

साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, हा नियम मला तोंडपाठ होता. दुसऱ्याच आठवड्यात एम-वनवरच्या एका थांब्यावर गाडी लावली, डबा उघडला, पोळी आणि भेंडीची भाजी सावकाश खाल्ली, डुलकी काढली आणि घड्याळ बघून ४७व्या मिनिटाला निघालो. संध्याकाळी बापूंनी टॅकोतून कागदाची पट्टी काढली, बिलासारखी लांबलचक. कायद्याच्या दृष्टीनं मी पाऊण तास दोन हातोडे घेऊन भेंडी खात होतो.

"आता काय?"

"आता पाठीमागं लिही."

यंत्रातलं खोडता येत नाही. छापील पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काय झालं ते हातानं लिहायचं, सही करायची आणि पट्टी जपून ठेवायची. मी लिहायला घेतलं की गाडीत तांत्रिक बिघाड... बापूंनी पेन काढून घेतलं. "इसरलो, एवढंच लिही. तेवढंच झालंय."

एवढ्यावर सुटका झाली असती तर मी हा लेख लिहिला नसता. खरा छळ पुढे होता: हातानं भरायच्या नोंदी. संध्याकाळी कार्ड काढून घरी जायचं, सकाळी घातलं की यंत्र सासूसारखं विचारतं, मधल्या वेळात कुठे होतात? आत्तापर्यंत विश्रांती? 'होय' म्हटलं की सुटलो. नवख्याचं बोट झोपेतसुद्धा 'होय'वर जातं. एका सोमवारी माझं तसं जात असताना बापू पायरीवर उभे.

"शनवारी कुठं हुतास?"

"मित्राच्या हॉटेलात. जरा भजी तळायला मदत केली."

"पगार घेतलास?"

"चाळीस पौंड."

"हातोडे."

पैसे घेऊन दुसऱ्याकडे केलेलं कामही कामच, आणि ते यंत्राला सांगावं लागतं. मी बाण दाबत दाबत चार तासांची भजी नोंदवली. तीही चुकली. टॅको चालतो आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर, आणि उन्हाळ्यात ब्रिटिश घड्याळ तिच्या एक तास पुढे असतं. मी भिंतीवरच्या घड्याळाची वेळ भरली. त्यामुळे सरकारदरबारी माझी कढई एक तास उशिरा तापली.

डेपोत सहन केलं असतं, पण बापू सगळीकडे भेटतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासूनचं. तिथल्या गणपतीत आरती साडेसातला म्हटलं की हे विचारणार, कोणच्या घड्याळानं? कुणी वाढून दमून खुर्चीत टेकलं, की मागून आवाज, "पलंग दाबला का?" त्यावर काकूंनी एकदाच उत्तर दिलं. "आमच्या घरी ते बटण एकच आहे, आणि ते यांच्या बाजूला आहे." त्या संध्याकाळी बापू दोन तास हातोड्यांवर होते, भांडी घासत.

एकदा रस्त्यावर तपासणी अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना पाठोपाठ थांबवलं. आजचा दिवस आणि मागचे २८, एवढा हिशेब दाखवावा लागतो. एकेका चुकीला दंड ३०० पौंडांपर्यंत जातो. मी घामाघूम. बापूंचं सगळं चोख निघालं आणि पाच मिनिटांत त्यांना सोडलं, तर हे हिरमुसले. अजून काहीतरी विचारायला हवं होतं म्हणे.

त्या रात्री मी चिडून म्हणालो, हा डबा म्हणजे नुसता पहारा आहे. मी काही नवीन बोललो नव्हतो. ब्रिटननं टॅको सक्तीचा करायला टाळाटाळ केली होती, १९७९ साली युरोपीय न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला तेव्हा कुठे हललं. आणि इथले ड्रायव्हर त्याला 'केबिनमधला हेर' म्हणत. बापू बराच वेळ गप्प होते.

"माझा थोरला भाऊ तासगावची द्राक्षं वाशीला न्यायचा," मग म्हणाले. "रात्री भरायची, सकाळच्या बाजाराला पोचवायची, तसंच माघारी. आठ तासाचा कायदा तिकडं १९६१पासनं आहे मर्दा. पर बगायला कोण हुतं? त्याच्या त्या पैशावर मी शिकलो. त्याला असला हेर असता, तर मालकाला म्हणाला असता की, माझं नाही, ह्या डब्याचं ऐका." आणि लगेच, "तुझा पलंग लागलाय का बघ आधी."

गेल्या फेब्रुवारीत बापू गावी गेले ते एप्रिलात उगवले. पहाटे पाचला त्यांच्या केबिनमध्ये उजेड दिसला म्हणून चहा घेऊन गेलो. कार्ड आत होतं, पडद्यावर प्रश्न होता: आत्तापर्यंत विश्रांती? बापू नुसते बघत बसले होते.

"सातबाऱ्याचं काम हुतं," ते म्हणाले. "हक्कसोड करून दिलं थोरल्याला. तलाठ्यानं फेरफार धरला. माझं नाव कंसात गेलं."

मी चहा पुढे केला.

"पंधरा दिवस असत्यात हरकतीला. सगळे पंधरा दिवस गावातच थांबलो." एक घोट घेतला. "कुणी घेतली नाही."

जो वेळ ड्रायव्हरला आपल्या मर्जीनं घालवता येतो ती विश्रांती, ही व्याख्या त्यांनीच माझ्याकडून घोकून घेतली होती. ती मी आत्ता काढली नाही.

"पगार घेतलात कुणाकडून?"

"न्हाई."

"मग पलंग दाबा, बापू."

त्यांनी दाबला. मग टॉर्च घेऊन खाली उतरले आणि टायर बघायला लागले. चार पावलं जाऊन वळले.

"हातोडे लागलेत का बघ रे."