तऱ्हेवाईक आचाऱ्याची परीक्षा

लॅपटॉपच्या दुकानात मराठीची परीक्षा घेण्याची एक ठरलेली रीत आहे. विक्रेता पडद्यावर ‘भारत’ टाइप करतो, विजयी नजरेनं आपल्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘‘बघा काका, मराठी फुल सपोर्ट!’’ ‘भारत’ या शब्दात जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, उकार नाही, रफार नाही. तेवढ्यावर यंत्राला मराठी येतं असं मानणं म्हणजे मुलाला फक्त नाव विचारून लग्नाची तारीख काढणं.

म्हणून मी स्वतःचं एक वाक्य बाळगतो. नवा फाँट, नवा वर्ड प्रोसेसर दिसला, मग तो पाहुण्यांच्या घरचा का असेना, की मी ते टाइप करतो:

‘कऱ्हाडच्या तऱ्हेवाईक आचाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वाङ्मयाचं ह्रस्व पिठलं घोटलं आणि ते चाखून ब्रह्मवृंद उत्स्फूर्तपणे उठला.’

अर्थ विचारू नये. इंग्रजीवाल्यांचा कोल्हा इतकी वर्षं आळशी कुत्र्यावरून उडी मारतोय, त्याला कुणी कारण विचारलेलं नाही. (‘कराड’ लिहिलं तरी चालतं, असं तिथले लोक म्हणतील. परीक्षेला चालत नाही.)

या वाक्यात प्रत्येक शब्द पहाऱ्यावर उभा आहे. ‘आचाऱ्याने’मधला आडवा अर्धा र जमला नाही, तर प्रोसेसर तिथे रफार देतो आणि पिठलं घोटणारा माणूस त्या पिठल्यावरून उठून थेट पीठावर जाऊन बसतो, आचारीचा आचार्य होतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर अनेकांनी हिंदीच्या ‘ऍ’वर दिवस काढले. ‘वाङ्मया’तल्या ङचा ठिपका गळाला की वाड्मय उरतं, आणि तेही छापून येतं. ‘उत्स्फूर्तपणे’ची तर वेगळीच कथा. कच्च्या फाँटमध्ये त, स सगळे पाय मोडून पडलेले दिसतात. त्या अवस्थेत ब्रह्मवृंदानं उत्स्फूर्तपणे उठायचं तरी कसं?

आणि ते ठिपक्यांचं वर्तुळ! एखाद्या वेलांटीला आपलं अक्षर सापडलं नाही, की प्रोसेसर तिच्यासाठी ठिपक्याठिपक्यांचा एक गोल आणून ठेवतो. निराधार मात्रांची इतकी काळजी घेणारं दुसरं खातं माझ्या माहितीत नाही.

पूर्वी हे प्रश्नच नव्हते, कारण पूर्वी संगणकाला मराठी येत नव्हतं. तो इंग्रजीला मराठी कपडे घालत असे. कृतिदेव फाँटमधल्या ‘भारत’चा फाँट बदला, खाली ‘एच-के-के-जे-आर’ निघतं. ज्या घरी तो फाँट नाही त्या घरी अख्खी लग्नपत्रिका या भाषेत पोचायची. विंडोज २०००बरोबर र. कृ. जोशी यांनी आखलेला मंगल फाँट आला, हळूहळू युनिकोड रुळलं, आणि मराठी दिसू लागली. दिसू लागली म्हणताच सगळ्यांनी परीक्षा संपल्याचं जाहीर करून टाकलं. खरी परीक्षा तिथून पुढे आहे.

शोधाची परीक्षा घ्या. ‘वऱ्हाड’ हा शब्द आतून दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त; दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. छापून आल्यावर दोन्ही जुळी भावंडं. पण एकाच फाइलीत दोघांनी दोन तऱ्हांनी टाइप केलं असेल, तर ‘शोधा’ म्हटल्यावर मुलीकडचं वऱ्हाड सापडतं आणि मुलाकडचं गायब! कार्यालयात शोधाशोध होते तशीच फाइलीत होते.

मग सोसायटीच्या सभासदांची यादी अकारविल्हे लावायला सांगा. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या मांडीला मांडी लावून बसलेला. ज्या प्रोसेसरला मराठीचा क्रम ठाऊक नाही तो तक्ता बघून काळ्यांना कावळ्यांच्या आधी बसवतो. क्षीरसागर आयुष्यभर यादीच्या शेवटी बसायला शिकलेले. त्यांना उचलून कोल्हटकर आणि खरे यांच्या मधे घातलं जातं. सोसायटीच्या सभेत यावरून काय होतं ते मी लिहीत नाही.

खोडण्यातही गंमत आहे. बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी अक्षर सोलत जातो: आधी काना, मग शेवटचं व्यंजन, मग हलन्त. डिलीट मात्र सोलत बसत नाही, अख्खं जोडाक्षर गिळतो. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरांची दिसते, यंत्राच्या हिशेबी ती अकरा चिन्हांची आहे.

या सगळ्याची कबुली लिब्रेऑफिसच्या सेटिंगमध्ये सापडते. तिथे लिप्यांच्या तीन जाती आहेत: पाश्चिमात्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स. मी ‘आशियाई’त मराठी शोधत बसलो होतो, भूगोलात तसंच शिकवलं होतं. तिथे चिनी, जपानी, कोरियन मंडळी. आपण अरबी, हिब्रू, थाई यांच्यासोबत ‘कॉम्प्लेक्स’मध्ये, म्हणजे सरळच सांगायचं तर गुंतागुंतीच्या लोकांत. हे वर्गीकरण मला पटतं.

पण दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांपुढे आपली गुंतागुंत काहीच नाही. २०१८च्या फेब्रुवारीत तेलुगूतलं एक जोडाक्षर आयफोनवर आलं, की ते दाखवणारं ॲप बंद पडायचं. ॲपलला त्यासाठी सुधारित आवृत्ती काढावी लागली. अक्षर कोणतं, तर ‘ज्ञा’, आत एक अदृश्य चिन्ह धरून. आपल्याकडे ‘ज्ञ’च्या उच्चारावरून भांडणं होतात, पण अजून कोणी बेशुद्ध पडलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, अक्षर तुटलं की चडफडून इंग्रजीकडे वळू नका. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे रीतसर तक्रार नोंदवा. फाँट कोणता, आवृत्ती कोणती ते लिहा. काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं त्याची दोन चित्रं जोडा. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्यावर कुणीही काही दुरुस्त करू शकत नाही. त्या माणसानं आडवा र जन्मात पाहिलेला नसतो. माझं वाक्य खुशाल वापरा, मानधन नको. फक्त तो आचारी वाङ्मयाचं पिठलं का करतो, असं पलीकडून विचारलं, तर उत्तर तुमचं तुम्ही द्या.