बिल्ला लावून समुद्र

एडिसन, न्यू जर्सी
जुलै, रविवार दुपार

ती. आई व बाबांना शि. सा. न.

कालचा फोन ऐकून वाटलं, आम्ही तुमच्या नातवाला, निमिषला, समुद्रात सोडून बाजारात गेलोय. आई, अमावस्येची भरती मला पाठ आहे. इथे दोन झेंड्यांच्या मधेच डुंबायचं. जरा बाजूला सरकलं की जीवरक्षक शिट्टी फुंकतो. बुडायची सोय नाही, कंटाळायची मात्र भरपूर.

तुमच्याकडे पोरं छत्र्या घेऊन शाळेत गेली तेव्हा इथे सुट्टी लागली, ती थेट सप्टेंबरपर्यंत. तिकडे वहिनीची स्वानंद-मुक्ता पाढे घोकतायत आणि इकडे निमिष "आता काय करू?" घोकतोय. म्हणून समुद्रावर नेला.

बाबा, आता बसून वाचा. इथे समुद्राला तिकीट आहे! न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरची बरीच गावं उन्हाळ्यात वाळूवर पाय टाकायचे पैसे घेतात. ब्रॅडली बीच नावाच्या गावाने 1929 साली ही टूम काढली, मग बाकीच्यांनी उचलली. पैसे भरले की बिल्ला मिळतो, तो जवळ बाळगायचा. आम्ही गेलो तिथे मोठ्या माणसाला दिवसाचे 12 डॉलर, म्हणजे हजारावर रुपये. तेवढ्यात डोंबिवली-ठाणे महिन्याचा पास निघून वर घरभर मिसळ झाली असती. लहान मुलं फुकट. म्हणजे कंटाळलेला फुकट आणि त्याला नेणारे हजार-हजार! अनिरुद्ध म्हणाला, "मी नुसता उभा राहतो, पाण्यात जात नाही." बिल्ले तपासणारी कॉलेजातली पोरगी होती, उभं राहायचेही तेवढेच, म्हणाली. मला हसू आवरेना. वाइल्डवुडला किनारा फुकट आहे, पण पेट्रोल आणि टोल धरला तर बिल्लाच परवडतो.

तुमचं पार्सल पोचलं. निमिषच्या हातातली आंबापोळी एका सीगलने पळवली. गोड्या मसाल्याची पिशवी फुटून त्याच्या नव्या झब्ब्यावर सांडली. तो झब्बा मी अजून धुतलेला नाही.

संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडेल म्हणून हा अलिबागसारखा वाट बघत बसला. पण हा पूर्व किनारा. सूर्य मागच्या पार्किंगवर मावळला. "यांनी समुद्र उलटा लावलाय," म्हणाला, "आजोबांचा बरा." म्हणजे मोठागावचं रेतीबंदर! खाडी दाखवून समुद्र म्हणून खपवलीत ना बाबा, आता भोगा. डोंबिवलीला समुद्र नाही, पण तिथे हा कधी कंटाळल्याचं मला आठवत नाही. रात्री मुक्ताला फोन लाव म्हणाला. तिकडे सकाळ, ती शाळेला निघालेली. मग मीच त्याच्याशी भेंड्या खेळले. दोघांनाही मजा आली नाही.

कुकर झाला, बाकीचं पटापट. जोशीकाकूंनी रिडेव्हलपमेंटच्या कागदावर सही केली नसेल तर घाई करू नका, आपली गच्ची तेवढीच टिकेल. सुमामावशीच्या गुडघ्याबद्दल तिला काय वाटतं ते कळवा, काकांना काय वाटतं ते नको. आणि बाबा, गर्दीच्या लोकलला दारात उभं राहणं बंद.

पुढच्या जुलैत आम्ही येतोय. शाळा असली तरी स्वानंद-मुक्ताला आठवडाभर दांडी मारू द्या. वहिनीला मी समजावते.

तुमची,
मनू