न आलेला भाडेकरू

राहत्या घराची घरपट्टी ठरवायला महापालिका भाडेकरू कल्पते. तो आला असता तर वर्षाला किती भाडं दिलं असतं, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा. उरलं ते करयोग्य मूल्य. मुंबईनं २०१० पासून भांडवली मूल्य धरलं, पण बऱ्याच शहरांत हा भाडेकरू अजून सुखानं नांदतोय. आमच्या नोटिशीत तर बाल्कनीवरचा पत्रा ‘वाढीव बांधकाम’ झालाय. त्याखाली राहते कोण, तर कुंडीतली तुळस!

हरकत घ्या, सुनावणीला जा. नाहीच पटलं तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील. फक्त आधी मागितलेली रक्कम जमा करायची. म्हणजे ‘हा कर आम्ही देणं लागत नाही’ हे सांगायला तो भरल्याची पावती जोडायची.