काटा चढतोय, दाजी!

मनोर यायच्या आधीच दाजींनी बोलणं बंद केलं होतं. एरवी हा माणूस ट्रायम्फ स्पिटफायरवर बोलायला लागला की समोरच्यानं जेवूनच यावं. १९६२ साली इंग्लंडात निघालेली ही दोन सिटांची, बिनछपराची गाडी. मिकेलोत्ती नावाच्या इटालियनानं तिची रेषा काढली आणि आमच्या दाजींनी, ताईच्या शब्दांत, 'घराचं प्लास्टर थांबवून' ती नवी करून घेतली. रंग, क्रोम, सिटा, सगळं झळझळीत. फक्त हायवेवर वेग धरला की तापमानाचा काटा मधून उठायचा आणि 'एच'कडे निघायचा.

"वाच रे काटा," दाजी म्हणायचे.

"चढतोय, दाजी."

मग वेग कमी. काटा खाली. मागून ट्रेलरचा भोंगा, पुन्हा वेग, पुन्हा काटा. चिंचणीला समुद्रावर जाऊन जेवायचं, असा बेत होता. कोणत्या दिवशी ते ठरलेलं नव्हतं.

मनोरहून पालघरकडे वळलो आणि पुढच्या वाघोबा खिंडीच्या विचारानं माझ्या पोटात गोळा आला. सपाटीवर फणफणणारी बाई चढावर काय करेल? तिनं काहीच केलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत शहाण्यासारखी वर आली, काटा जागचा हलला नाही. खिंडीत वारल्यांच्या वाघोबाचं देऊळ आहे, येणारेजाणारे थांबून हात जोडतात. दाजींनीही जोडले आणि सगळं श्रेय तिथंच देऊन टाकलं. पालघरात चहाच्या वेळी एका पोरानं "थर्मोस्टॅट काढून फेका, काका" असा सल्ला दिला. आपल्याकडे तापलेल्या गाडीचा पहिला बळी हाच. तेव्हा वाघोबा पावलेला असल्यामुळे दाजींनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

उमरोळी मागे पडलं, रस्ता सरळ झाला, दाजींनी पाय दाबला आणि वाघोबाची हद्द संपली. बोईसरच्या तोंडाशी पुढून वाफ निघाली.

या भागाला गरम पाण्याचं नवल नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, त्या मुळात पाणी उकळणाऱ्याच. पण त्यांची वाफ थंड करायला अख्खा अरबी समुद्र दिलेला आहे. दाजींकडे पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्यातली एक अर्धी.

स्पिटफायरचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं नाकच. मडगार्ड आणि दिव्यांसकट पुढं उलटतं. ते उलटलं मात्र, पहिल्या पाळीहून सुटलेली एमआयडीसी भोवती जमली. या गावात निम्म्या लोकांचा पगार काहीतरी थंड ठेवण्याबद्दल असतो, त्यामुळे बघे कोणी नव्हतेच, सगळे तज्ज्ञ. केमिकलवाल्यानं बोअरच्या पाण्याचा क्षार धरला. स्टीलवाल्यानं पंपाचा इम्पेलर धरला. एकानं अगदी शांतपणे विचारलं, "चिलर बसत नाही का यात?"

तेवढ्यात एक म्हातारे मिस्त्री गर्दीतून पुढं आले. "हेरल्ड का, शेठ?"

"स्पिटफायर," दाजी ताठ झाले.

"वरून असेल. खालून हेरल्डच."

हे खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. स्पिटफायरची चासी ट्रायम्फ हेरल्डचीच, आखूड केलेली. आणि तीच हेरल्ड मद्रासला 'स्टँडर्ड' नावानं १९६१ पासून बनायची. मिस्त्रींची उमेदीची वर्षं तिच्याखाली उताणं पडून गेलेली.

मिस्त्रींनी कोणाला झाकणाला हात लावू दिला नाही. झाकण दाब धरून असतं म्हणून पाणी शंभराच्या पुढं जाऊनही आत गप्प बसतं. उघडलं की तोंडावर येतं. इंजिन निवल्यावर ओलं गोणपाट टाकून त्यांनी ते सोडवलं, थर्मोस्टॅट बाहेर काढला आणि थेट टपरीवर नेऊन पाण्याच्या पातेल्यात टाकला. टपरीवाला म्हणाला, "दूध घालू का?" सगळे पातेल्यावर वाकले. पाण्याला बुडबुडे धरले, पण खळखळ सुरू व्हायच्या आधीच ती पितळी चकती हळूच वर उचलली गेली. "उघडला!" एमआयडीसी ओरडली. थर्मोस्टॅट निर्दोष सुटला.

"आता सांगा, तापते कुठं? गर्दीत की मोकळ्या रस्त्यावर?"

"मोकळ्या. खिंडीत तर गार होती."

मिस्त्रींनी रेडिएटरच्या बाजूच्या फटीत हात घातला. अख्खा पंजा आरपार गेला. "इथला पुठ्ठा कुठाय?"

दाजी गाडीच्या टायरकडे पाहू लागले. "तो... तेलकट, फाटका होता. रद्दीत दिला."

"तोच तर पार्ट होता!" मिस्त्री म्हणाले. सावकाश जाताना, किंवा खिंडीत इंजिन जोरात फिरताना, पंखा हवा ओढून घेतो. वेगात मात्र काम समोरच्या वाऱ्यावर असतं, आणि वारा कामचुकार. जाळीतून आत शिरतो, रेडिएटरच्या बारीक पात्यांतून जायचा त्रास घेत नाही, बाजूच्या मोकळ्या फटीतून निसटतो. त्याला अडवायला इंग्रजांनी पुठ्ठा लावला होता. क्रोमवर झालेल्या खर्चाचा आकडा ताईला अजून माहीत नाही. गाडी थांबली ती पुठ्ठ्यापायी.

शेजारच्या फळवाल्याकडे घोलवडच्या चिकूंचे खोके होते. रिकामा खोका तो देईना. चिकूंसकट घ्या म्हणाला. घेतला. मिस्त्रींनी हॅक्सॉ ब्लेडनं दोन पट्ट्या कापल्या, तारेनं आवळल्या. छापील बाजू आत ठेवा, अशी दाजींनी काकुळतीनं विनंती केली. "गुळगुळीत बाजू बाहेर, पाणी लागतं," मिस्त्रींनी विषय संपवला. मजुरी घेतली ती चहाएवढी.

तारापूरच्या रस्त्यावर दाजींनी भीतभीत वेग वाढवला, मग न भिता. काटा मधोमध खिळलेला. दोन सिटांच्या गाडीत चिकू ठेवायला जागा नसल्यानं ते माझ्या मांडीवर, आणि त्यातले पिकलेले माझ्या पँटवर. दाजींना पुन्हा कंठ फुटला. मिकेलोत्तीपासून सुरुवात झाली.

चिंचणीच्या किनाऱ्यावर गाडी लावली तेव्हा एक बाई पोराला घेऊन जवळ आल्या. वाकून पुढच्या जाळीतून आतली अक्षरं वाचली आणि दाजींना म्हणाल्या, "भाऊ, किलो कसे दिले?"